वाढीव गुणांसाठी टेनिक्वाइट

मी कुरुळीच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि राहते थेरगावात. रोज सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत स्कूटरवरून शाळेत जायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं, त्याच बसगाड्यांमधून परत यायचं. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं बीड, लातूर, परभणीकडून आलेल्या कामगारांची, थोडी गावातल्या जुन्या शेतकरी घरांतली. माझी स्वतःची मुलगी मात्र घराजवळच्या एका मोठ्या शाळेत होती. तिथं चित्रकलेला वेगळी खोली, नृत्याला वेगळी खोली, आणि मुलांनी कुठल्या खोलीत कधी जायचं हे सांगायला एक वेगळ्या बाई.

या खोल्यांचा उपयोग दहावीत होतो. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या असतील, शास्त्रीय नृत्याच्या दिल्या असतील, किंवा खेळात वरच्या पातळीपर्यंत मजल गेली असेल, तर दहावीच्या निकालात काही गुण जास्तीचे मिळतात. त्यांना वाढीव गुण म्हणतात. अकरावीचे प्रवेश टक्क्यांवर होतात, आणि नावाजलेल्या कॉलेजांत तर दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांवर. त्यामुळे हे थोडे गुण फार मोलाचे. प्रत्येक शाळेनं आपल्या अशा मुलांची यादी वर पाठवायची असते. आमच्या शाळेची यादी दरवर्षी मी लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं. त्या कागदावर मी सुवाच्य वळणात एकच शब्द लिहीत आले होते : निरंक.

मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लावलं ते आमच्याच एका माजी विद्यार्थिनीनं. ती पेढे घेऊन आली होती. एवढे चांगले टक्के मिळूनही तिला हवं ते कॉलेज अगदी थोडक्यात हुकलं होतं, आणि तिच्या लगेच वर नाव लागलेल्या मुलीला चित्रकलेचे गुण मिळाले होते. रडली वगैरे नाही. मला पेढा देत तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, आपल्या शाळेत चित्रकला का नव्हती?"

त्या वेळी माझ्या पर्समध्ये यंदाच दहावीत गेलेल्या माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स होत्या. येताना डांगे चौकात काढल्या होत्या. अर्धा पेढा हातातच राहिला.

मी तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. आमचे मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण कुठलीही अडचण सांगितली की ते आधी कॅलेंडरकडे बघतात. तसं बघून ते म्हणाले, "चित्रकलेचं आता जमायचं नाही. आधी पहिली परीक्षा, मग दुसरी. यंदाच्या दहावीला उशीर झाला. शिवाय शिक्षक कुठाय?"

"मग खेळ?"

"खेळाचे सर निवृत्त झाल्यापासून जागा रिकामीच आहे."

"मग काय करायचं, सर?"

त्यांनी पुन्हा कॅलेंडर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, तुम्ही घ्या की खेळ! तुम्ही व्याकरण शिकवता. खेळ म्हणजे तरी काय? नियमच. नियम तुमच्याइतके कुणाला कळतात इथं?"

मी आयुष्यात लंगडीपलीकडे काही खेळलेले नाही. लग्नानंतर तर तेही नाही. पण पेढ्याची चव अजून जिभेवर होती, म्हणून हो म्हणून बसले.

शालेय खेळांची अधिकृत यादी हातात आली तेव्हा लक्षात आलं की कबड्डी, खो-खो हे आपलं काम नव्हे. त्यांत तालुक्यातच इतके संघ असतात की आमच्या मुली पहिल्याच दिवशी जेवणाच्या आधी घरी आल्या असत्या. आम्हाला असा खेळ हवा होता, ज्याला मैदान थोडं लागतं, सामान थोडं लागतं आणि जो फारसं कुणी खेळत नाही. यादीच्या शेवटाकडे तो सापडला. टेनिक्वाइट. मध्ये जाळी बांधायची आणि रबराची रिंग इकडून तिकडे फेकायची. समोरच्यानं ती एका हातानं झेलायची आणि न थांबता परत फेकायची. दोन हात लावले की बाद, आणि फेकलेली रिंग हवेत डगमगली तरी बाद. नियम मी एका रविवारी मोबाइलवर वाचले आणि अवघड जागा लाल पेनानं वहीत उतरवून घेतल्या.

बुटांसाठी पिंपरी कॅम्पात गेले. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजेत?"

"कोचिंगसाठी," मी जरा अभिमानानं म्हटलं.

"अहो मॅडम, क्लास घ्यायला चप्पलसुद्धा चालते की!"

दहावीतल्या पाच मुली मिळाल्या. कॅप्टन झाली ती बीडकडची मुलगी, बारीक चणीची, वर्गात पहिली येणारी आणि प्रत्येक गोष्टीला "कशासाठी?" विचारणारी. तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रिंग फेकायची आणि टक्के वाढायचे?"

"हो. राज्यपातळीपर्यंत गेलो तर."

"मग फेकू की, मॅडम."

रिंगा तिनंच आणल्या. तिचे वडील चाकणजवळ रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. तिथं गाड्यांना लागणाऱ्या रबरी कड्या बनत, आणि मापात न बसलेल्या बाजूला पडत. त्यांनी सुपरवायझरला विनंती केली. सुपरवायझरनं विचारलं, कशाला? ते म्हणाले, मुलीच्या अ‍ॅडमिशनला. सुपरवायझरला काही उलगडा झाला नाही, पण त्यानं रीतसर गेटपास करून दिला. त्यावर लिहिलं होतं, "रबर रिंग, रिजेक्टेड, पाच नग, शैक्षणिक कामासाठी." तो गेटपास मी अजून जपून ठेवला आहे.

मैदानाचा प्रश्न होता. शाळेला अंगण आहे, मैदान नाही. शेजारी गावातल्या एका जुन्या घराची मोकळी जागा होती, पण तिच्यावर कंपन्यांचे ट्रेलर उभे राहत. मी जागामालकांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, आमी काय न्हाई म्हणतोय व्हय? खेळू द्या पोरींना. पर ट्रेलर हाय तर हाय. त्यो काय उचलून ठेवायचा न्हाई."

मग आम्ही ट्रेलरचाच उपयोग केला. जाळीचं एक टोक बाभळीला आणि दुसरं ट्रेलरच्या मागच्या कडीला. हे छान चाललं, फक्त आठवड्यातून दोनदा माल निघायचा. खेळ रंगात आला की ड्रायव्हर कॅबिनमधून डोकं काढून ओरडायचा, "मॅडमजी, नेट खोल लो, गाडी निकल रही है!" एकदा आम्ही गाठ सोडायला विसरलो. जाळी ट्रेलरबरोबर नाशिक रस्त्याच्या दिशेनं गेली आणि पाच मुली, मागून मी साडी खोचून, तिच्या मागे. पुढच्या वळणावर ड्रायव्हरला आरशात आम्ही दिसलो. तो थांबला, खाली उतरला, जाळीची नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बहुत मेहनत करवाते हो बच्चों से."

तालुक्याच्या स्पर्धेला आम्ही सकाळी सातलाच हजर झालो. दहा वाजेपर्यंत दुसरा संघ आला नाही. अकराला पंचांनी सांगितलं की दुसऱ्या संघाचं नावच आलेलं नाही, तेव्हा तुम्हाला पुढे चाल. मुलींनी उड्या मारल्या. कॅप्टननं विचारलं, "मॅडम, आपण जिंकलो का?" मी म्हटलं, "व्याकरणानं बघितलं तर हो."

जिल्ह्याला मात्र समोर खरोखरचा संघ होता, आणि पंचांच्या हातात खरोखरची रिंग. कॅप्टननं ती हातात घेतली, तोलून पाहिली आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. मग फेकली. रिंग जाळीवरून गेली, समोरच्या मुलींवरून गेली, कुंपणावरून गेली आणि पलीकडच्या पत्र्याच्या छपरावर जाऊन पडली. आमच्या गेटपासवाल्या रिंगा खऱ्या रिंगेपेक्षा बऱ्याच जड होत्या. हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, कारण खरी रिंग आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. आमच्या मुली चार महिने गाडीचा सुटा भाग फेकत होत्या.

पहिला गेम हातचा गेला. दुसऱ्याच्या आधी कॅप्टन सगळ्यांना म्हणाली, "हलकी आहे, फूल टाकल्यावानी टाका." त्यांनी फूल टाकल्यासारखी टाकली. समोरच्या मुली गडबडल्या, घाईत दोन्ही हात लावायला लागल्या, आणि आम्ही जिल्हा जिंकलो. मी त्या दिवशी मैदानावर शिट्टी वाजवली. बोटांनी. मला ती येते हे मलाही माहीत नव्हतं.

घरी येऊन हे सगळं हातवारे करत सांगितलं. माझी मुलगी जेवता जेवता थांबली. म्हणाली, "आई, कोणता खेळ म्हणालीस?"

"टेनिक्वाइट."

"आमच्या शाळेनं पण यंदा सुरू केलंय. पिंपरी-चिंचवडमधून आम्हीच निवडलो गेलोय. मी आहे ना टीममध्ये. तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं असेलही. तिच्या इतक्या गोष्टी चालू असत की मी मान हलवून हो म्हणायची सवय लावून घेतली होती. "कधी आहे तुमचं पुढचं?" मी विचारलं.

"विभागीय. तुमचंही तेच ना?"

नवऱ्यानं ताटातली भाकरी तशीच ठेवली, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी त्या दिवशी ओव्हरटाइम घेतो," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस घरात टेनिक्वाइट या शब्दाला बंदी होती. मुलगी रोज संध्याकाळी गच्चीवर बापाला समोर उभं करून सराव करायची. त्यांच्याकडे प्रशिक्षक होते, एकसारखे बूट होते, चार अधिकृत रिंगा होत्या. मी कपडे काढायला गच्चीवर जायचे, आणि आईला जे दिसू नये ते मला दिसायचं. तिला डावीकडे आलेली रिंग झेलता येत नव्हती. लहानपणापासून ती डावीकडून काही आलं की डोळे मिटते. चेंडू असो, माशी असो, की मी भरवलेला घास.

आता हे मी काय करायचं? आई म्हणून तिला सांगायला हवं होतं, डोळे उघडे ठेव. कुरुळीच्या मुलींची कोच म्हणून त्यांना सांगायला हवं होतं, त्या मुलीच्या डावीकडे टाका. मी दोन्हीकडे गप्प राहिले. लोक याला तटस्थपणा म्हणतील. खरं तर मी गच्चीवरचे कपडे काढायचं काम नवऱ्यावर सोपवलं.

आत एक विचार मात्र सारखा टोचत होता. माझ्या मुलीकडे चित्रकलेचे गुण होतेच. खेळाचे मिळाले काय, न मिळाले काय. मग तिनं हरावं असं मला वाटत होतं का? हे मी कुणाजवळ बोलले नाही. देवाजवळसुद्धा नुसतंच हात जोडून उभी राहत होते, काय मागायचं ते न सांगता.

विभागीय सामन्याच्या दिवशी मुलीनं मैदानात शिरताना मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. ते आमचं ठरलेलं होतं. आमच्या पाचजणींना मी काहीच सांगितलं नव्हतं. सामना सुरू झाला. एक एकेरी त्यांनी घेतली, दुहेरी आम्ही. शेवटची एकेरी राहिली, आणि जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आमची कॅप्टन आणि माझी लेक.

पहिला गेम लेकीनं घेतला. तिची सर्व्हिस सुरेख होती, रिंग ताटासारखी सपाट यायची. विश्रांतीत कॅप्टन पाणी प्यायला माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, त्या लांब वेणीवालीला डावीकडचं झेलता येईना. डोळे मिटायलीय."

पंधरा दिवस मी पोटात ठेवलेली गोष्ट या पोरीनं दहा मिनिटांत शोधली होती.

"असं?" मी म्हटलं. एवढंच म्हटलं. शपथ घेऊन सांगते.

उरलेले दोन्ही गेम तिनं डावीकडेच टाकून घेतले. लेकीनं सर्व्हिस करण्याआधी प्रत्येक वेळी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी प्रत्येक वेळी बाजूच्या आंब्याकडे पाहिलं. शेवटची रिंग तिच्या डाव्या हाताखालून जाऊन जमिनीवर पडली. आमच्या मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी उभी राहिले, दोन पावलं त्यांच्याकडे गेले, मग दोन लेकीकडे, आणि मधेच थांबले.

कॅप्टन जाळीखालून पलीकडे गेली होती. हात मिळवत ती माझ्या लेकीला म्हणाली, "तुझी सर्व्हिस लई भारी आहे. पण टाकायच्या आधी सारखी आमच्या मॅडमकडं कशाला बघायलीस?"

"ती माझी आई आहे," लेक म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

कॅप्टन वळली. तिच्या चेहऱ्यावर मी इतका राग कधी पाहिला नव्हता. "मॅडम! आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "डावीकडंच टाकलं असतं. पण हळू."

लेक रडता रडता हसली. मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, पण हात खालीच ठेवले.

त्या रात्री ती जेवताना म्हणाली, "तुझ्या मुली रिंग कशी फेकतात गं, झेलताना मनगट दुखतं." मी तिला रबराच्या कंपनीचं सांगितलं, ट्रेलरचं सांगितलं, नाशिक रस्त्याकडे पळालेल्या जाळीचं सांगितलं. ती खूप हसली. "त्यांच्याकडे खरी रिंग एकही नाही?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत प्रशिक्षकांच्या मागे लागून दोन अधिकृत रिंगा घेऊन आली. "राज्यासाठी. उसन्या आहेत, परत आणायच्या," तिनं बजावलं, अगदी तिच्या शाळेतल्या, कुठल्या खोलीत कधी जायचं ते सांगणाऱ्या बाईंसारखं.

राज्यपातळीवर आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. समोरच्या मुली हा खेळ पाचवीपासून खेळत होत्या. आमचा सामना इतक्या लवकर संपला की आमच्याबरोबर आलेले मुख्याध्यापक चहा घेऊन परतले तेव्हा मुली बूट काढत होत्या. "सुरू कधी होणार?" त्यांनी विचारलं. पण राज्यापर्यंत गेल्याचं प्रमाणपत्र पाचजणींना मिळालं, आणि त्या वर्षीच्या यादीत मी पाच नावं लिहिली. लिहिताना इतकी घाई केली की अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं.

निकाल लागला. कॅप्टनला पुण्यातलं तिला हवं ते कॉलेज मिळालं, तेही पहिल्या यादीत, आणि वाढीव गुण नसते तर मिळालं नसतं. तिनं स्वतःच वजाबाकी करून मला दाखवली. गावातल्या एका मुलीनं चाकणलाच प्रवेश घेतला. तिचे वडील अजून सगळ्यांना तिचे टक्के सांगतात, रिंगेचा उल्लेख न करता. बाकीच्या तिघींपैकी दोघी पिंपरीकडे गेल्या आणि एक पॉलिटेक्निकला.

माझ्या मुलीलाही तिचं पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. त्या संध्याकाळी ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली. "आई, माझे चित्रकलेचे गुण काढले तर मी यादीत येत नाही," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. मलाही ते दिसलं होतं.

"म्हणजे ती खोली शाळेत होती म्हणून."

"आणि तू तिथं बसून चित्रं काढलीस म्हणून."

तिला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी मात्र त्या वर्षी कॅलेंडर न बघता एक पत्र लिहिलं आणि पाठपुरावाही केला. आता आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या शाळेतले चित्रकलेचे सर आमच्याकडे येतात. मुलं प्रयोगशाळेच्या ओट्यावर कागद पसरून बसतात.

सहामाही परीक्षेनंतर कॅप्टनचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. कुरुळीहून कॉलेजला जायला तिला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात, पण तक्रार त्याची नव्हती. "मॅडम, इथल्या पोरींनी अकरावीचं पुस्तक दहावीच्या सुट्टीतच क्लास लावून संपवलंय. सर नुसतं म्हणतात, हे तर तुम्हाला येतंच. आणि त्या मान हलवतात."

"आणि तू सुट्टीत काय केलंस?"

"मी गावाकडं लग्नं जेवले. सात."

मला हसू आलं, आणि ते तिला ऐकू गेलं. मग तीही हसली. "मग आता गं?" मी विचारलं.

"आता दिवाळीच्या सुट्टीत बसते की पुस्तक घेऊन," ती म्हणाली. "तवा लग्नं नसतात."